किल्ल्या आणि चेहरा

आल्ब्रेख्त ड्यूररच्या ‘मेलेंकोलिया १’ या चित्रावर मी अनेक वर्षे बोलत आले. त्यातले बरेचसे आज मला मागे घ्यायचे आहे.

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले हे चित्र १५१४ सालचे, न्युरेंबर्गमधले. उंची जेमतेम २४ सेंटिमीटर. पंख असलेली एक स्त्री गालाला मूठ टेकून बसली आहे. हातात कर्कटक, पायाशी करवत, रंधा, खिळे. मागे तराजू, वाळूचे घड्याळ, घंटा आणि सोळा घरांचा अंकचौकोन. जवळच बरगड्या दिसणारा कुत्रा निजला आहे. इतक्या वस्तू दिसल्या की माझे ठरलेले असे: एकेकीचा अर्थ लावायचा, सगळे अर्थ जोडायचे, चित्र सुटले.

आणि ते सुटायचेही. त्या काळच्या युरोपीय समजुतीनुसार मेलेंकोलिया, म्हणजे खिन्नता, शनीच्या अमलाखाली. तिची प्रकृती कोरडी आणि थंड. म्हणून या स्त्रीच्या डोक्यावर पाणवनस्पतींची माळ. चार-चार घरांचा चौकोन गुरूचा. शनीच्या पीडेवर गुरूचा उतारा, असे म्हटले की श्रोत्यांना ते चटकन आपले वाटायचे. एर्विन पानोफ्स्की आणि फ्रिट्झ झाक्स्ल यांनी १९२३ मध्ये या चित्रावर जे मूलभूत काम केले, त्याच वाटेने मी इथवर आले, आणि एवढे मी आजही मानते. चूक त्यापुढची आहे.

त्या चौकोनाची बेरीज उभी, आडवी, तिरपी, कशीही केली तरी ३४ येते. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेल्या चौतिसा यंत्राचीही ३४. दोन्हींत काही गुप्त धागा असावा, असे मी आवाज खाली आणून सुचवत असे. एकदा कागद घेऊन बसले. दोन्ही चौकोनांत १ ते १६ हेच आकडे; त्यांची बेरीज १३६. ती चार ओळींत सारखी वाटली की प्रत्येकीच्या वाट्याला ३४ येणारच. दुसरा आकडा येऊच शकत नाही. हे शाळेतले गणित मी इतकी वर्षे केले नव्हते, कारण मला रहस्य हवे होते.

ड्यूररच्या एका पूर्वतयारीच्या रेखाटनावर त्याच्याच हातची टीप आहे: किल्ली म्हणजे सत्ता, थैली म्हणजे संपत्ती. हा माझा हुकमी पुरावा. पण चित्रात किल्ल्या कमरेला लोंबताहेत, थैली खाली गेली आहे आणि त्या स्त्रीचे तिकडे लक्षही नाही. अर्थ खुद्द चित्रकाराने सांगितला, तरी ती अशी का बसली आहे, हे त्यातून कळत नाही.

मग मी ते चित्र पेनाने उतरवायला घेतले आणि चेहऱ्याशी अडले. तो सगळा बारीक रेघांनी काळोखात न्यायचा आणि डोळ्यांतला पांढरा भाग तेवढा कोरा राखायचा. जसजशी सावली भरत गेले, तसतसे ते डोळे अधिक जागे होत गेले. मापायची सारी हत्यारे भोवती पडली आहेत, हात थांबला आहे, नजर मात्र थांबलेली नाही. मी या चित्रावर इतके बोलले होते, आणि या चेहऱ्याबद्दल एक वाक्यही नाही.

१५१४ च्याच मार्चमध्ये ड्यूररने आपल्या आईचे कोळशाने चित्र काढले. वय ६३, अठरा बाळंतपणे झालेली. गालफडे वर आलेली, मानेच्या शिरा ताणलेल्या. त्यात एकही प्रतीक नाही. दोनच महिन्यांनी ती गेली. चौकोनाच्या तळओळीतल्या १५ आणि १४ मध्ये मी या मृत्यूचा शोक वाचत असे. तेही आता मागे घेते. तिथे साल आहे. शोक मी घातला होता. पण एका म्हाताऱ्या चेहऱ्याकडे इतके निरखून पाहणारा माणूस काय म्हणायचे ते कोड्यांतच लपवून ठेवील, हे मला आता पटत नाही.

प्रतीके मी अजून शिकते, शिकवते. ती ठाऊक नसतील तर पाणवनस्पतींची माळ नुसती शोभा वाटेल. पण आता चित्र दाखवताना पहिली पाच मिनिटे मी काही बोलत नाही, चौकोनावर बोट ठेवत नाही. आधी तो चेहरा पाहू देते. किल्ल्यांची पाळी नंतर.