नेर येथील एक जेवण

वऱ्हाडांत नेर नांवाचीं दोन गांवें प्रसिद्ध आहेत. एक अमरावती जिल्ह्यांतील नेर पिंगळाई व दुसरें यवतमाळ जिल्ह्यांतील नेर परसोपंत. पहिल्यास देवीचें नांव जोडलेलें आहे, दुसऱ्यास माणसाचें. प्रस्तुत लेख दुसऱ्याविषयीं आहे. अमरावतीहून नांदगांव खंडेश्वरावरून यवतमाळास जाणाऱ्यास हें गांव वाटेंत लागतें. तालुक्याचें ठिकाण असल्यामुळें कचेऱ्या आहेत, शाळा आहेत, बाजार आहे, कापसाची उलाढाल आहे. परंतु प्रेक्षणीय म्हणून कांहीं पाहावयास कोणी येथें मुद्दाम उतरत नाहीं. येथें प्रवासी उतरतो तो कामासाठीं, नाहीं तर भुकेसाठीं. मी दुसऱ्या कारणासाठीं उतरलों.

एस. टी. च्या स्थानकापासून हांकेच्या अंतरावर एक खाणावळ आहे. टिनाचें छप्पर, चार बांकें, तितकींच मेजें, आणि कोपऱ्यांत पऱ्हाट्यांवर पेटलेली चूल. मालकीणबाई चुलीपाशीं बसून ज्वारीच्या भाकरी दोन्ही हातांवर थापतात. परात वाजल्याचा ताल रस्त्यावर ऐकूं येतो, आणि माझ्या मतें खाणावळीची पाटी म्हणून तो पुरेसा आहे. ताटांत झुणका, वांग्याची भाजी, तुरीचें वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा, भेदऱ्यांची चटणी, जवसाची चटणी व फोडलेला कांदा इतकें येतें. (पुणेकर वाचकांसाठीं सांगतों कीं भेदरें म्हणजे टोमॅटो.) दुसरी भाकर संपत आली कीं, “आन् एक घ्या नं जी, गुरुजी,” असें म्हणून तिसरी ताटांत पडलेलीच असते. नको म्हणण्यास अवधि मिळत नाहीं.

माझ्या लहानपणीं परगांवीं जाण्याचा प्रसंग आला म्हणजे आजी दशम्या बांधून देत असे. त्या दुधांत भिजविलेल्या, म्हणून त्यांस विटाळ नाहीं. वाटेंत कोणाच्या हातचें पाणीसुद्धां घेऊं नये, असा तिचा दंडक. आज माझ्या एका बाजूस एस. टी. चा वाहक बसला होता, दुसऱ्या बाजूस एक वयस्क शेतकरी, समोर बाजारास आलेल्या दोन बायका, आणि मालकीणबाईंची जात विचारण्याचें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. हें बरें झालें, असें मी स्पष्टपणें म्हणतों. आमच्या पिढीनें तें फार उशिरां म्हटलें, ही गोष्ट वेगळी.

शेतकरी गृहस्थ बियाणें घेण्यासाठीं गांवांत आले होते. जेवतांना ते पिकाविषयींच बोलत होते. “पहिले सरकी घरचीच ठेवत होतो जी,” ते म्हणाले, “आता दर सालचं पाकीट दुकानातून आणा लागते.” मग ठेच्याकडे बोट दाखवून, “हे मातर घरचं हाय. आपलं जुनं वऱ्हाडी खाणं.”

तें वाक्य माझ्या मनांत घोळत राहिलें, कारण ठेचा जुना नाहीं. ‘मिरची’ हा शब्द संस्कृत ‘मरिच’ शब्दापासून आला खरा. परंतु मरिच म्हणजे काळें मिरें. चरक-सुश्रुतांस शुंठी, पिप्पली व मरिच ही त्रिकटु ठाऊक होती. मिरची त्यांनीं पाहिलीच नव्हती. ती मेक्सिको देशांतली, आणि सोळाव्या शतकांत पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यास लागली. भेदरें तिकडचींच; ‘टोमॅटो’ हा शब्दच मुळीं तेथील नाहुआत्ल भाषेंतला आहे. हरभरा पश्चिम आशियांतून आला. ज्वारी आफ्रिकेंतून आली, पण ती हजारों वर्षांपूर्वीं, म्हणून तिला पाहुणी म्हणण्याचें कारण नाहीं. ताटांतलें अस्सल या मातींतलें म्हणून निःशंक दाखवावें असे जिन्नस दोन: तूर आणि वांगें. आणि त्यांतलें वांगें तर आपण चातुर्मासांत वर्ज्य केलें आहे!

याच्या उलट एकादशीचें ताट पाहावें. बटाटा व भुईमूग दक्षिण अमेरिकेंतले, रताळें अमेरिकेंतलें, ज्याची आपण इकडे उसळ करतों तो साबुदाणा ज्या कंदापासून निघतो, तो दक्षिण अमेरिकेंतला, मिरचीचें वर सांगितलेंच. वऱ्याचे तांदूळ तेवढे आपले. राजगिऱ्याची कथा तर याहून मौजेची आहे. मेक्सिकोंतील जुने लोक राजगिऱ्याच्या पिठांत मध घालून देवांच्या मूर्ति घडवीत व पूजा झाल्यावर त्या प्रसाद म्हणून वांटून खात. स्पॅनिश पाद्र्यांस हा पाखंड वाटला व त्यांनीं तो मोडून काढण्याची शिकस्त केली. तथापि राजगिऱ्याच्या गोड वड्या तेथें आजहि विकतात. त्यांस ‘अलेग्रिया’ म्हणजे ‘आनंद’ म्हणतात. त्या आपल्या उपवासाच्या चिक्कीच्या सख्ख्या बहिणी होत.

त्या देशांतील साधी खाणावळ नेरच्या खाणावळीहून फारशी निराळी नसावी, असें तिच्या वर्णनांवरून दिसतें. तेथें ज्वारीच्या ठिकाणीं मका. मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, धुतात, वाटतात, आणि त्या गोळ्याची पातळ पोळी तव्यावर भाजतात. तिला ‘तोर्तिया’ म्हणतात. तिच्यांत भाजी, राजमा किंवा मांस घालून वर मिरचीची चटणी घेतात व हातानेंच खातात. ग्वाटेमालाच्या पलीकडे एल साल्वाडोर नांवाचा चिमुकला देश आहे. तेथें त्याच पिठाचा गोळा घेऊन आपण पुरण भरतों तसें त्यांत वाटलेला राजमा, चीज अगर मांस भरतात, हातावर थापून जाड भाकर करतात, आणि आंबवलेल्या कोबीबरोबर वाढतात. हिचें नांव ‘पुपुसा’. तेथील लोकसभेनें २००५ सालीं तिला राष्ट्रीय पदार्थ ठरवून नोव्हेंबरांतला दुसरा रविवार तिच्या नांवें लावून दिला. १९८० ते १९९२ या यादवी युद्धाच्या काळांत त्या देशांतले लाखों लोक संयुक्त संस्थानांत पळून गेले, आणि तेथील शहरोशहरीं त्यांच्या लहान लहान खाणावळी निघाल्या. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणीं मेक्सिकोचे व साल्वाडोरचे पदार्थ एकाच फळ्यावर लिहिलेले असतात. घर सुटलेल्या माणसास प्रथम भाकर आठवते. आपल्याकडे मुंबईच्या गिरणगांवांतील खाणावळी याच आठवणीवर चालल्या.

चुन्याची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. चुन्यांत शिजविल्यानें मक्यांत अडकून पडलेलें एक जीवनसत्त्व शरीरास मिळूं लागतें. युरोपियनांनीं मका नेला, पण चुन्याची कृति नेली नाहीं. परिणाम असा झाला कीं इटलींत व संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांत केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांस पेलाग्रा नांवाचा रोग जडला. कातडी फुटे, बुद्धि भ्रमे, आणि माणसें मरत. वस्तु घेतली, विद्या मागें राहिली. (आमच्या वऱ्हाडांत चुना पोटांत जातो तो पानठेल्यावरच्या खर्ऱ्यांतून, आणि त्यानें होतो तो अपकारच.)

नेरच्या शिवारांतहि असेंच कांहीं घडलें आहे. पूर्वींची आखूड धाग्याची गावरानी कपाशी या देशांतली होती. आज गांवाभोंवतीं दिसते ती बहुतेक सारी लांब धाग्याची अमेरिकन कपाशी असून तिचें मूळहि मेक्सिकोंतच आहे. २००२ सालीं बी. टी. वाणांस परवानगी मिळाली. हे वाण संकरित असल्यामुळें घरची सरकी पेरून तेंच पीक येत नाहीं. म्हणून दरवर्षींचें पाकीट. त्यावर गुलाबी बोंडअळी पुन्हां आलीच, आणि २०१७ सालीं याच जिल्ह्यांत औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी व मजूर दगावले. बियाणें दारापर्यंत आलें. कोणतें औषध किती घालावें, तोंडास काय बांधावें, हें सांगणारा माणूस आला नाहीं.

असा एक माणूस आपल्या शेजारच्याच जिल्ह्यांतून उलट दिशेनें गेला होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ सालीं वर्ध्यास झाला. क्रांतिकार्यासाठीं त्यांनीं तरुणपणींच देश सोडला, अमेरिकेंत शेतकीचें शिक्षण घेतलें, गदर पक्षाच्या उभारणींत भाग घेतला, महायुद्धाच्या काळांत इराणांत जिवावरचे प्रसंग काढले, आणि इंग्रज राज्यांत परतणें अशक्य झाल्यामुळें १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोंत जाऊन राहिले. चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयांत ते प्राध्यापक झाले. मका व गहूं यांच्या अधिक पिकणाऱ्या जातींवर त्यांनीं संशोधन केलें. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: अक्षरशत्रु शेतकऱ्यांसाठीं त्यांनीं तेथें मोफत शेतकी शाळा चालविल्या. ज्यांनीं जगास मका दिला त्यांच्याच मुलांस मक्याची विद्या शिकविणारा हा वर्ध्याचा पंतोजी! माझ्या व्यवसायाचा मला क्वचितच अभिमान वाटतो; हें वाचतांना वाटला.

देश स्वतंत्र झाल्यावर ते मायदेशीं परतले व १९६७ सालीं नागपुरास निवर्तले. २०२२ सालीं चापिंगो येथें त्यांचा पुतळा उभारण्यांत आला. मेक्सिको शहरांत शिक्षणखात्याच्या इमारतीच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकारानें काढलेलीं चित्रें आहेत. त्यांतल्या एकांत निरनिराळ्या वर्णांचीं साधीं माणसें एका मेजाभोंवतीं जेवावयास बसलीं आहेत, मागें एक बाई डोक्यावर फळांची टोपली घेऊन उभी आहे, आणि मधोमध पाव मोडीत बसलेला पुरुष म्हणजे खानखोजे, असें सांगतात. चित्राचें नांव ‘नुएस्त्रो पान’, शब्दशः ‘आमचा पाव’. वऱ्हाडांतला माणूस तें ‘आमची भाकर’ असेंच वाचील.