बधिर

‘बधिर’ हा शब्द मराठीत दोन कामे करतो. ज्याला ऐकू येत नाही तो बधिर, आणि ज्या अवयवाला स्पर्श कळत नाही तोही बधिरच. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ पहिला. पुढे त्याच शब्दातून आलेल्या ‘बहिरा’ या तद्भवाने ऐकण्याचा प्रांत सांभाळला, आणि तत्सम शब्द स्पर्शासाठी मोकळा झाला असावा. अर्थविस्ताराचे उदाहरण म्हणून हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. ते आपल्याच कानावर पडताळून पाहावे लागेल, असे मात्र वाटले नव्हते.

मागच्या जूनमध्ये छत्रपती संभाजीनगरला माझ्या उजव्या कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली. लहानपणी कान वाहत असे, त्याचे छिद्र तसेच राहिले होते. कानामागे चीर देतात, तिथल्याच स्नायूवरचे पातळ आवरण काढतात आणि त्याचे ठिगळ पडद्याला लावतात. ठिगळ धरले. दोन-तीन महिन्यांत मागच्या बाकावरची कुजबूज ऐकू येऊ लागली (ती ऐकण्याजोगी असतेच असे नाही).

बहिरेपण गेले आणि बधिरपण आले. चष्म्याची काडी कानावर बसली की नाही, हे आरशात पाहून ठरवावे लागे. कुशीवर झोपले की कान आणि उशी यांच्यामध्ये कोणा तिसऱ्याचे काहीतरी ठेवल्यासारखे वाटे.

तीर्थपुरीला घरी परतलो त्या दिवशी आईने उंबऱ्यातच थांबवून अलाबला घेतली. दोन्ही हात माझ्या कानांवरून, गालांवरून फिरवून तिने स्वतःच्या कानशिलावर बोटे मोडली. तिचा उजवा हात मला कळला. डावा हात डोळ्यांना दिसला, तेवढाच. तिला हे सांगितले नाही. कान बरा झाला असे ती शेजारी सांगत होती, आणि तेही खोटे नव्हते.

यात आश्चर्य असे नाही. ऐकण्याची नस आत खोल कवटीत असते. कानाच्या पाळीला आणि जबड्याच्या कोपऱ्यापर्यंतच्या कातडीला स्पर्श देणारी ‘ग्रेट ऑरिक्युलर’ नस मानेतून वर येते. कानामागच्या चिरेत तिच्या बारीक फांद्या तुटतात किंवा ताणल्या जातात. तुटलेला तंतू पुन्हा वाढतो, पण अनुकूल स्थितीतही दिवसाला सुमारे एक मिलिमीटर.

या वाटचालीचा एक विलक्षण साक्षीदार आहे. हेन्री हेड या इंग्रज मेंदूविकारतज्ज्ञाने 1903 साली स्वतःच्या डाव्या हातातील स्पर्शाच्या नसा मुद्दाम कापून घेतल्या, आणि डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या मित्राकरवी केंब्रिजमध्ये चार वर्षांहून अधिक काळ त्या हाताची तपासणी करवून घेतली. आधी परतली ती ढोबळ वेदना आणि थंडी-उष्णता; हलका स्पर्श आणि त्याची नेमकी जागा फार उशिरा. त्यावरून त्याने रचलेली दोन स्वतंत्र मज्जाव्यवस्थांची उपपत्ती पुढे टिकली नाही, पण निरीक्षणे वाचनीय आहेत. हेड कविताही लिहीत असे. आपल्याकडे ‘संवेदना’ हा शब्द समीक्षेत इतका सैल वापरला जातो, की तिची अशी मोजदाद कोणी केली हे वाचून बरे वाटले.

माझा क्रमही साधारण तोच. दिवाळीच्या सुमारास मुंग्या सुरू झाल्या. मग मार्गशीर्षात, पहाटे उसाच्या गाड्यांमागून मोटारसायकलने जाताना, उजवा कान गारठ्याने ठणकू लागला. त्यावर बांधलेला रुमाल मात्र त्याला कळत नव्हता. त्या ठणक्याचा मला आनंद झाला, हे घरात कोणाला पटले नाही. माघात कानामागे खाजवले की ते पाळीवर जाणवे. पत्ता चुकलेले पत्र जसे शेजारच्या घरी पडावे, तसे.

आता बराचसा कान परतला आहे. आईचा डावा हातही कळतो, जरा दुरून आल्यासारखा. उरला आहे तो पाळीचा खालचा तुकडा, लहानपणी सोनाराने टोचलेल्या जागेभोवतीचा. डॉक्टर म्हणतात, अजून काही महिने पाहू. तिथे नख रोवले तर दाब कळतो, नख कळत नाही.