शेवटच्या रांगेतला हकार

आमची शाळा चिऱ्याची होती. वर मंगळुरी कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि बसायला प्रत्येकाने घरून आणलेलं गोणपाटाचं बस्कर. गुरुजींचा आवाज बारीक, त्यात दम्याची धाप. तरी शुद्धलेखनाला त्यांनी ‘भाताचा भारा खळ्यात ठेवला’ म्हटलं, की ‘भ’, ‘ख’, ‘ठ’ यांतला हकार भिंतीला टेकून बसलेल्या माझ्यापर्यंत स्वच्छ पोचायचा. श्रेय सगळं गुरुजींच्या उच्चारांना जायचं. खोलीही त्यांच्या बाजूने होती, हे कळायला मला स्वतःला बाई होऊन बरीच वर्षं जावी लागली.

पुढे त्याच गावात मी शिकवायला लागले आणि नवी इमारत झाली. स्लॅब, लादी, भिंतींना गुळगुळीत ऑइलपेंट. नारळ फोडताना माझेही डोळे भरून आले होते. पहिले काही दिवस मुलं रिकाम्या वर्गात टाळी वाजवून घुमणारा आवाज ऐकत बसायची. मला तो खेळच वाटला. मग शुद्धलेखनाच्या वह्या येऊ लागल्या. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा ‘भारा’ला ‘बारा’ लिही, ‘खळ्यात’ला ‘कळ्यात’. मी त्याला दहा-दहा वेळा लिहायला लावलं. प्रगतिपुस्तकात शेरा दिला : ‘वर्गात लक्ष नसते.’

लक्ष होतं त्याचं. स्वर दणकट असतात, व्यंजनं नाजूक आणि क्षणभराची. घुमणाऱ्या खोलीत आधीच्या स्वराचं शेपूट रेंगाळतं आणि पुढचं व्यंजन त्याखाली दबतं. मुलाला काना, मात्रा, वेलांटी ऐकू येते. अक्षर येत नाही. मोठ्या माणसाला शब्द ठाऊक असतो, म्हणून तो गाळलेली जागा मनातच भरतो. सात वर्षांच्या पोराकडे तेवढी शिल्लक कुठून असणार? गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची ताकद पौगंडावस्थेपर्यंत वाढतच असते. त्यात पावसाळ्यात सर्दीने कान दडपलेली निम्मी मुलं.

याचं शास्त्र जुनं आहे. १८९५ साली हार्वर्डच्या नव्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला कळेना. शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, त्या खोलीत मांडल्या आणि आवाज किती वेळात विरतो ते मोजलं. गाद्या वाढल्या, तसं घुमणं कमी झालं. हे वाचलं तेव्हा मला आमची बस्करं आठवली. चाळीस पोरांची चाळीस गोणपाटं, त्यांवर चाळीस पोरं आणि उरलेला आवाज कौलांच्या फटींतून बाहेर. अमेरिकेत २००२च्या मानकाने साध्या वर्गासाठी हे घुमणं ०.६ सेकंदांच्या आत हवं असं ठरवलं. आपल्याकडे वर्ग बांधताना हवा आणि उजेड पाहतात, आवाज कुणी पाहिलेला मला आठवत नाही.

जुन्या शाळेत सगळं गोड नव्हतं. एकाच पडवीत तिसरी आणि चौथी. पलीकडे पाढे सुरू झाले की आमची कविता बुडायची. आषाढात कौलांवर पाऊस कोसळायला लागला की गुरुजी बोलणं थांबवून पाटीवर गणितं घालायचे. पण नव्या इमारतीला जोडलेल्या पत्र्याच्या वर्गात श्रावणातली साधी सरही शिकवणं बंद पाडते, आणि तिथे पहिली बसते. ज्यांना शब्द सगळ्यात कमी ठाऊक, तीच मुलं.

यंदा शाळेत गेले तेव्हा मागच्या भिंतीला भिंतीपासून थोडं सुटं ठेवून जाड गोणपाट ताणून लावू या, असं सांगून आले. बाकांच्या पायांना रबराची टोपणंही आणून दिली. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, हेही बजावलं. त्यांनी फारसं काही होत नाही. हे सगळं तीस वर्षांपूर्वी करता आलं असतं. गोणपाट तेव्हाही घरोघरी होतं.

तो मुलगा आता रिक्षा चालवतो. मला पाहिलं की थांबतो, ‘बाई, बसा’ म्हणतो, पैसे घेत नाही. त्या शेऱ्याबद्दल मी त्याच्याशी अजून बोललेले नाही.