दीड दिवसाचा हत्ती

हत्ती कुणाला आवडत नाही? मलाही आवडतो. पण गणपतीच्या रूपात, आणि तोही दीड दिवसाचा! आफ्रिकेतल्या बोट्स्वानात मात्र त्याचा मुक्काम बारमाही, आणि संख्या सुमारे १ लाख ३० हजार. एकेकाला रोज दीडेकशे किलो चारा. पीक जातं, कधी माणूसही जातो. तिथे २०१४ साली शिकारबंदी आली, २०१९ साली उठली. परवाने वर्षाला काहीशेच. त्यांनी हत्ती संपत नाहीत, पण गावाच्या हाती चार पैसे पडतात. २०२४ मध्ये जर्मनीने शिकारीची मुंडकी-सुळे आणण्यावर निर्बंध कडक करण्याची भाषा केली, तेव्हा तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मासिसींनी २० हजार हत्ती जर्मनीलाच पाठवण्याची धमकी दिली.

खरं सांगतो, मला मेलेला हत्ती बघवत नाही. पण शेजारच्या बोक्याने माझ्या कुंडीतली तुळस उपटली, तेव्हा मी काय फेकून मारलं, ते मात्र विचारू नका.