अस्सल

दसऱ्याला पाटावर पोथ्या, जमाखर्चाच्या वह्या, एक गंजलेला कोयता आणि मधोमध ती. आधी सनदेला हळदकुंकू, मग सरस्वतीला, ही आजीची शिस्त. एरवी तिचा मुक्काम पत्र्याच्या ट्रंकेत, लाल रुमालात. चार घड्यांची, गव्हाळ रंगाची, उलगडताना कुरकुरणारी. जोरात कोणी उलगडली की आजी ओरडायची, "अरे, हाडं मोडतील तिची!"

बोलणं फार कमी. सगळं मिळून एक पान: छापील मजकूर, मध्ये सोडलेल्या जागा, त्या जागांत कारकुनाने बोरूने भरलेली मोडी. ती मोडी आमच्यातल्या एकालाही वाचता येत नाही. तरी तिच्या नावाने बोलायचं काम घराण्याच्या तिन्ही पात्या अहोरात्र करत असतात. पेशव्यांनी आमच्या पूर्वजाला रणात खूश होऊन ही जमीन दिली, असं लहानपणापासून ऐकत आलो. शेवटी पुण्याहून मोडीचे एक जाणकार आणले. त्यांनी भिंग लावून, चहा गार होऊ देऊन वाचता आलं तेवढं सगळं वाचलं. गावाचं नाव, सर्व्हे नंबर, आकार इतके रुपये, त्यावर रुपयामागे चार आणे जुडी. काकांनी विचारलं, "आणि लढाई?" ते म्हणाले, "लढाई नाही. हिशेब आहे."

खरं तर तिचा जन्मच तडजोडीतला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनच्या हाती दंडा आला आणि इनाम खाणाऱ्या प्रत्येकाला 'कागद दाखवा' म्हणून उभं करण्यात आलं. कागद वाळवीने खाल्लेले, पुरात गेलेले, भावाने पळवलेले. ज्यांना दाखवता आले नाहीत त्यांची इनामं गेली आणि दक्षिण महाराष्ट्रात इंग्रजांविरुद्ध जो असंतोष धुमसत होता त्यात ही लाकडं पडली. मग १८६३ मध्ये सरकारने मधली वाट काढली: खोलात शिरत नाही, वर्षाला ठरलेली रक्कम, म्हणजेच ती जुडी, भरा आणि वंशपरंपरा खा. चौकशी टाळण्यासाठी जन्मलेली ही बाई पुढची दीडशे वर्षं चौकशीतच अडकली.

१९५२ च्या कायद्याने तिला मारलं. वैयक्तिक इनामं रद्द झाली, जमिनीला पूर्ण आकार लागू झाला. पण मेलेल्या माणसाची साक्ष काढता येत नाही, मेलेल्या कागदाची येते. कोर्टात थोरल्या पातीचे वकील म्हणतात, हे वतनासारखं, थोरल्याकडेच राहायचं. त्यावर धाकट्या पातीच्या वकिलांनी कुंदगोळच्या देशगत वतनाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निवाडा टेबलावर ठेवला. वतन रद्द होऊन जमीन परत दिली गेली तरी ती एकत्र कुटुंबाची, वाटणी होणारच, असा तो. वतनाचंच असं, मग साध्या इनामाचं काय बोलायचं! थोरले वकील चष्मा पुसत बसले.

या भाऊबंदकीपेक्षा ही जमीन कसणाऱ्या कुळाचा प्रश्न मला जास्त टोचतो. त्याचं म्हणणं साधं आहे. तुम्हाला सरकारने जमीन दिली, की जमिनीची वसुली? वसुली दिली असेल तर माती पहिल्यापासून कसणाऱ्याची, तुम्ही मधले सारा खाणारे. हा वाद इंग्रजांच्या हायकोर्टांत आणि प्रिव्ही कौन्सिलपर्यंत घासून झाला आहे, आणि शेवटी उत्तर एकच: सनद काय म्हणते ते बघा. घरात बोलायची सोय नाही, पण मला वाटतं कुळाचं बरोबर आहे. निदान १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला नांगर कोणाच्या हातात होता हे सगळं गाव जाणतं.

सनद काय म्हणते ते बघायला गेलं तर नेमकी तिथेच घडी पडलेली. सर्व्हे नंबरातला दुसरा आकडा घडीवर झिजलाय. तिरपं धरलं तर चार, सरळ धरलं तर सहा. मूळ नोंदीची नक्कल काढायला अर्ज केलाय, तो फिरतोय. आणि 'जमीन' हा शब्द जिथे असावा असं आमचे वकील म्हणतात, त्यावर बरोबर एक पिवळट तांबूस डाग. कुळाच्या वकिलाने उलटतपासणीत काकांना तो दाखवला.

"ही खाडाखोड कोणी केली?"

"खाडाखोड नाही साहेब. हळदकुंकू आहे."

न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. हसू लपवत असावेत.

आता तिच्यावर 'निशाणी २७' असा शिक्का आहे आणि ती कोर्टाच्या ताब्यात आहे. दोरीने बांधलेल्या फायलीत, दुसऱ्या कोणाच्या तरी खरेदीखताला चिकटून. ट्रंकेत राहिला लाल रुमाल.

यंदाच्या दसऱ्याला पाटावर तिची झेरॉक्स मांडली. काकूंनी हळदीचं बोट कागदावर नेलं, थांबल्या, आणि अगदी कडेला, कोऱ्या समासात टेकवलं.

"वकिलांनी सांगितलंय," म्हणाल्या.