उजनी भरली की श्रीशैलची बोट

मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या आलिशान बोटींच्या जाहिराती हल्ली आपल्या भागातल्या मोबाइलवरही येऊन धडकतात. 'शेवटच्या काही केबिन! निम्म्या दरात!' आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दर सुट्टीच्या तोंडावर यावर चर्चा होते. कोणीतरी कागद काढून हिशेब करतो, आणि चहा संपेपर्यंत तो कागद चुरगळून टोपलीत जातो.

हा शेवटच्या घटकेचा स्वस्त दर येतो कुठून, हे समजायला अर्थशास्त्राचे प्राध्यापक लागत नाहीत. आठवडी बाजारात सकाळी वीस रुपयांना असलेली मेथीची जुडी दिवे लागणीला पाच रुपयांना मिळते, कारण उद्या ती सुकणार. बोटीतल्या केबिनचेही तसेच आहे. बोट एकदा धक्क्यावरून हलली की रिकामी केबिन म्हणजे शून्य. आगाऊ नोंदणी केलेल्यांपैकी काहीजण पूर्ण पैसे भरण्याच्या वेळी माघार घेतात, त्या केबिन परत विक्रीला येतात. शिवाय बोटीवर चढलेला माणूस आत गेल्यावर आणखी खर्च करतोच, म्हणून कंपनीला रिकाम्यापेक्षा भरलेली केबिन कधीही बरी. पण भाडे निम्मे झाले तरी बंदराचे शुल्क आणि इतर आकार निम्मे होत नाहीत. जाहिरातीतला दर माणशी असतो, तोही एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून. आणि अक्कलकोटहून मुंबईला पोचण्याचा खर्च कंपनी कशाला धरेल?

खरी अडचण मात्र पैशाची नाही. 'परवा निघा' म्हटल्यावर परवा निघू शकणारा माणूस लागतो. ज्याला शाळेतली मुले नाहीत, रजेचा अर्ज नाही, घरी म्हातारे माणूस नाही, त्याच्यासाठी ती सवलत आहे. आपल्या सुट्ट्या उन्हाळा आणि दिवाळी, म्हणजे नेमक्या सगळ्या जगाच्या सुट्ट्या. तेव्हा मेथीची जुडी संध्याकाळीही वीसचीच राहते.

रेल्वेचे गणित तर याच्या अगदी उलटे. तिथे उशिरा येणाऱ्याला तत्काळचे जादा पैसे मोजावे लागतात, आणि पक्के झालेले तत्काळ तिकीट रद्द केले तर परतावा नाही. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, हे सुट्टीची तारीख उशिरा कळणाऱ्या आमच्यासारख्यांना थोडे सोयीचे झाले. ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये थांबली. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघायचे तर जवळचे ठिकाण आणि बस हाच मार्ग उरतो. आपल्याला जवळचे मोठे शहर म्हणजे हैदराबाद. सोलापूरहून उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद असे सरळ रस्त्याने तीनशे किलोमीटर.

"हैदराबादला कसली बोट?" असे माझ्या मुलाने विचारले होते. बोट आहे, आणि तीही अशी, की तिचे वेळापत्रक आपल्या उजनी धरणाकडे पाहून बांधता येते.

नागार्जुनसागर ते श्रीशैल अशी कृष्णेच्या पात्रातून, नल्लमलाच्या डोंगरांमधून तेलंगणा पर्यटन खात्याची लाँच जाते. सहा-सात तासांचा प्रवास. पण ती बारमाही नाही. नागार्जुनसागरची पूर्ण पातळी ५९० फूट. पाणी सुमारे ५७५ फुटांच्या वर असेल तरच वरच्या अंगाला श्रीशैल धरणाच्या पायथ्यापर्यंत लाँच चालवता येते. हे पाणी येते कुठून? महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा अलमट्टी, नारायणपूर करून येते. आपली भीमा पंढरपूर, गाणगापूर करत रायचूर जिल्ह्यात तिला मिळते. पुढे जुराला, मग श्रीशैल, आणि श्रीशैल भरले की दरवाजे उघडून नागार्जुनसागर. म्हणजे ऑगस्टमध्ये उजनी शंभर टक्के भरून भीमेत पाणी सुटल्याची बातमी आली, की श्रीशैलच्या बोटीची पहिली घंटा वाजली असे समजावे. २०२३ मध्ये उजनी भरली नाही, नागार्जुनसागरही भरला नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही भरले. पाणी असले तरी तारीख मात्र पर्यटन खाते जाहीर करील तीच. त्या वर्षी ती आली २ नोव्हेंबरची, ऐन दिवाळीत. मोठ्यांना एकेरी तिकीट २००० रुपये, मुलांना १६००. यात शेवटच्या घटकेला घट नाही आणि वाढही नाही. श्रीमंत-गरीब सगळ्यांनाच तारीख आयत्या वेळी कळते, ही मला या बोटीची सगळ्यात आवडलेली गोष्ट.

आमच्या घरी ही बोट केवळ सहल नव्हती. माझ्या सासूबाई कलबुर्गीच्या. त्यांचे वडील उगादीला पायी श्रीशैलला जात. सासूबाईंनी लहानपणी 'मोठी झाले की येते' म्हटले, मग संसार, मग गुडघे. वयाच्या बहात्तराव्या वर्षी डॉक्टरांनी दुसऱ्या गुडघ्याचेही ऑपरेशन सुचवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी मल्लय्या, मग गुडघा." सोलापूरच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. गुरे राखणारा पोर सिद्धराम मल्लय्याच्या शोधात याच श्रीशैलला गेला आणि परत येऊन त्याने सोन्नलिगेचे श्रीशैल केले, ही कथा आपण गड्ड्याच्या यात्रेत ऐकतच मोठे झालो.

म्हणून दिवाळीची सुट्टी लागताच आम्ही निघालो. मी, सौ., सातवीतला मुलगा, आणि कलबुर्गीहून सासूबाई.

सीमाभागातल्या कुटुंबाचा बसप्रवास हा एक स्वतंत्र अभ्यासविषय आहे. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. दुधनी मागे पडली की सौ. पुन्हा पूर्ण तिकिटाच्या बाई झाल्या. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना, पण ती कर्नाटकचा पत्ता असलेल्यांना आणि राज्याच्या आतल्या साध्या बसना. त्यामुळे कलबुर्गी ते हुमनाबाद सासूबाईंना शून्य रुपयांचे तिकीट, आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या त्यांच्याच पोटच्या मुलीला पूर्ण पैसे, कारण तिच्या आधारवर अक्कलकोट. हुमनाबादला हैदराबादची बस धरल्यावर दोघी सारख्या झाल्या. तेलंगणातही ९ डिसेंबर २०२३ पासून महिलांना मोफत प्रवास आहे, पण तेलंगणाच्या. पुढे १५ ऑगस्ट २०२५ पासून आंध्रनेही तेच केले. चार राज्ये, चारही ठिकाणी बायकांना सवलत, आणि चारही सवलती सरहद्दीपाशी संपतात. दोन्हीकडे सोयरीक असलेल्यांनी आधारकार्ड हाताशी ठेवावे आणि हुमनाबाद किंवा बीदरला बस बदलावी. गुडघे दुखत नसतील तर दोनशे-अडीचशे रुपये सहज वाचतात.

हैदराबादमध्ये शिरताना आणखी एक बचत. सोलापूर रस्त्याने येणारी बस पटनचेरूनंतर मियापूरला येते. तिथेच उतरावे. २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली मेट्रो मियापूरहूनच निघते आणि नामपल्ली, कोठी, महात्मा गांधी बसस्थानक असे सगळे जोडते. बसमध्ये बसून राहिलात तर हेच अंतर तुंबलेल्या रस्त्यावर तासाच्या वर जाते, आणि शेवटी रिक्षावाला आहेच.

आम्ही काचीगुड्याला लॉज घेतला. एक खोली, चार माणसे, सातशे रुपये रोज. हायटेक सिटीकडची मोठी हॉटेले कंपन्यांच्या माणसांनी आठवडाभर भरतात आणि शनिवार-रविवारी तिथे दर उतरतात, असे सांगतात. ते खरेही असेल. पण आपल्या माणसाला काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी हाच भाग बरा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा, कलबुर्गी, बीदर, रायचूर हे सगळे हैदराबाद राज्यातच होते. कोर्ट, कॉलेज, नोकरी यासाठी आलेली मराठी आणि कन्नड कुटुंबे याच भागात राहिली. जांबबागेत मराठी माणसांनी उभी केलेली विवेकवर्धिनी आहे, तर काचीगुड्यात कन्नड मंडळींची नृपतुंग शाळा. लॉजचा मॅनेजर सासूबाईंशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत आणि पोऱ्याशी दख्खनीत बोलत होता. 'नक्को'मध्ये मराठी आणि 'हौ'मध्ये कन्नडचे 'हौदु' ऐकू येते, असे मुलाने स्वतःहून शोधून काढले. प्राध्यापकाच्या मुलाने एवढे तरी करावेच.

एक दिवस शहर पाहण्यात गेला. इथे एक सूचना. शुक्रवारी सालारजंग संग्रहालय बंद, चौमहल्ला राजवाडाही बंद. सुट्टीचे चार दिवस मोजून आणणाऱ्या कुटुंबाचा एक शुक्रवार असा वाया जातो. गोवळकोंडा किल्ला आणि चारमिनार पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सालारजंगमध्ये दर तासाला घड्याळातला छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो. त्यापुढे जमणारी गर्दी घड्याळाइतकीच बघण्यासारखी असते. बाराच्या टोल्याला गेलात तर बारा वेळा ऐकायला मिळेल, तिकीट तेच.

संध्याकाळी हुसेनसागर. इब्राहिम कुतुबशहाच्या काळात, १५६२ च्या सुमारास बांधलेला हा तलाव. लुंबिनी पार्कच्या धक्क्यावरून मधल्या बुद्धमूर्तीपर्यंत बोट जाते. एकाच पाषाणातली ही मूर्ती मार्च १९९० मध्ये तराफ्यावरून नेताना पाण्यात बुडाली, त्यात माणसेही गेली. पुढे १९९२ च्या डिसेंबरात ती वर काढून उभी केली. सासूबाईंना बोटीत चढता-उतरता येते का, याची मला इथे परीक्षा घ्यायची होती. त्या पास झाल्या. मुलाला मात्र तलावाच्या वासाने नापास केले.

लाँचची तिकिटे आम्ही पर्यटन खात्याच्या कार्यालयातून काढली. आणि एक सांगायचे राहिले. याच सुमारास फोनवर 'तुम्हाला मोफत सहल लागली आहे, जोडीने अमुक हॉटेलात या' असे सांगणारे भेटतात. आमचे एक सहकारी गेले. तीन तास बसवून ठेवून त्यांना कित्येक वर्षांच्या सभासदत्वाचे कागद पुढे केले गेले. सहीसाठी 'आजच्या आज' अशी घाई करणारी स्वस्त सहल घेऊ नये, एवढेच.

हैदराबादहून नागार्जुनसागर बसने चार तासांचा रस्ता. पहाटेच निघावे लागते. धरणाची पायाभरणी नेहरूंनी १० डिसेंबर १९५५ रोजी केली. पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंड्याचे बौद्ध अवशेष उत्खनन करून टेकडीवर हलवले. त्या टेकडीचे आता बेट झाले आहे.

लाँच निघाली आणि तासाभरात दोन्ही बाजूंना जंगल सुरू झाले. गाव नाही, रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही. कठड्याशी खुर्ची ओढून बसलेल्या सासूबाईंनी विचारले, "इद यार होळी?" (होळी म्हणजे सण नव्हे, कलबुर्गीकडची नदी.) मी सांगितले, कृष्णा, पण यात भीमाही आहे. गाणगापूरच्या संगमावरून आलेली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बाटलीतले प्यायचे पाणी ओतून टाकून त्यांनी लाँचवरच्या पोऱ्याकडून त्यात नदीचे भरून घेतले. सौ. म्हणाली, "अव्वा, हे तर आपल्याच घरचं पाणी." त्यावर त्या म्हणाल्या, "घरचं आहे, पण माझ्या आधी पोचलं."

लिंगालगट्टूला लाँच लागते. वर देवळापर्यंत गाडीने जावे लागते. त्या रात्री श्रीशैलला राहणे भागच आहे, कारण हैदराबादचा रस्ता व्याघ्र प्रकल्पातून जातो आणि रात्री नऊ ते सकाळी सहा तो बंद असतो. निरनिराळ्या समाजांच्या धर्मशाळा आहेत. कन्नड बोललात तर दार लवकर उघडते. दर्शनाच्या रांगेत सासूबाई दोन तास उभ्या होत्या. बसा म्हटले तर बसल्या नाहीत.

चौघांचे पाच दिवस, अक्कलकोट ते अक्कलकोट, एकवीस हजारांच्या आत झाले. त्यात ७६०० लाँचचे. परतीची बस श्रीशैलहून सकाळी जंगलाचे फाटक उघडल्यावर निघाली. ज्यांना जायचे असेल त्यांनी ऑगस्टपासून उजनीच्या आणि अलमट्टीच्या बातम्यांवर लक्ष ठेवावे, दसऱ्यानंतर पर्यटन खात्याकडे फोन करत राहावे, आणि पिशवी भरून ठेवावी. उन्हाळ्यापर्यंत थांबू म्हणाल तर तोवर पाणी खाली गेलेले असते. सासूबाईंचे ऑपरेशन जानेवारीत झाले. बाटली देवघरात आहे.