मागच्या आसनावरचा वास

मोटार घेण्यापूर्वी मनुष्य लोकांच्या धुराविषयी पुष्कळ बोलतो. घेतल्यानंतर तो सौम्य होतो. आम्हीही झालो. बदली होऊन गाझियाबादच्या वसुंधरा वसाहतीत बिऱ्हाड केले आणि दसऱ्याला नवी गाडी दारात उभी राहिली. तिच्या मागच्या आसनावर जळक्या धुराचा वास येई. "नवी आहे, नळीवरचा लेप जळतो, थोड्या दिवसांत जाईल," असे विक्रेत्याने सांगितले. ते खोटे नव्हते. नव्या नळीवरचे तेल आणि लेप तापल्यावर जळतातच. परंतु हजार किलोमीटर झाले तरी वास गेला नाही. तेव्हा आम्ही तो गावाच्या खाती टाकून दिला.

गाझियाबादेत हे फार सोपे आहे. हिवाळ्यात येथील हवेचा निर्देशांक कित्येकदा ४०० ओलांडून 'गंभीर' वर्गात जाऊन बसतो. इंदिरापुरम, वसुंधरा, संजयनगर, लोनी येथे मोजयंत्रे आहेत. (लोनी हे नाव ऐकून मराठी माणसाच्या तोंडाला पाणी सुटावे, आकडा पाहिल्यावर ते लगेच आटते.) उलट इंधन केवढे सुधारलेले! दशलक्ष भागांत गंधकाचे ५० भाग चालत, ते २०२० पासून देशभर १० वर आले. गाडी निर्दोष, शहर दोषी, असा निवाडा आम्ही दिला आणि बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून आतलीच हवा फिरवणारी कळ कायमची दाबून ठेवली. दुरुस्तीकेंद्रात दोनदा गाडी दाखवली. तेथेही "बाहर की हवा है, साहब," हेच उत्तर मिळाले. खरे सांगायचे तर ते ऐकून आम्हांस बरेच वाटले.

मार्गशीर्षात कऱ्हाडहून आई आली. ती मागे बसे आणि उतरताना कपाळ दाबीत उतरे. "अरे, चुलीचा धूर डोळ्यांत जातो, हा डोक्यात जातो," असे ती म्हणाली. आम्ही तिला दिल्लीकडील हवेवर एक लहानसे व्याख्यान दिले आणि तिच्या बाजूची काच चार बोटे खाली केली.

पौषात पावसाच्या सरी येऊन हवा निवळली, तेव्हा तिला हरिद्वारला नेले. मुजफ्फरनगरच्या आसपास दोन्ही बाजूंस ऊस आणि गुऱ्हाळे लागली. कृष्णाकाठच्या बाईला तो वास ओळखायला किती वेळ लागणार? तिने काच पूर्ण उतरवली. पाच-सहा मैल गेल्यावर ती हळूच म्हणाली, "गुऱ्हाळं मागं राहिली रे. हा दुसरा वास मात्र आपल्याबरोबरच येतोय."

आमच्याजवळ याला व्याख्यान नव्हते.

परतल्यावर मेरठ रस्त्यावरील एका वृद्ध मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने यंत्राकडे पाहिलेदेखील नाही. कागदाची पट्टी मागच्या दारात धरून दार लावले आणि ती ओढली. अशी चारही बाजूंनी. खालच्या डाव्या कोपऱ्यात पट्टी अलगद हातात आली. तेथे रबराची कड खाचेतून निसटली होती, धुराच्या नळीपासून हातभर अंतरावर. गाडी धावते तेव्हा तिच्या पाठीशी हवेचा दाब उतरतो, धूर तेथेच घोटाळतो आणि फट सापडली की आत शिरतो. बाजूची काच उघडली की आतली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची जागा भरायला मागून धूर येतो. ताजी हवा घेणारा झोत चालू असता, तर त्याने आतून थोडा दाब तरी धरला असता. तोही आम्हीच बंद केला होता.

विषारी कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. इंजिन थंड असताना तो अधिक निघतो, कारण धूर शुद्ध करणारे उपकरण तापल्यावाचून काम करीत नाही. आणि रोज सकाळी तळघरात गाडी सुरू करून, आईला गारठा लागू नये म्हणून, आम्ही तिला आधीच आत नेऊन बसवीत असू.

मिस्त्रीने कड बसवून शंभर रुपये घेतले.

माघात आई परत निघाली. निजामुद्दीन स्थानकाच्या वाटेवर ती मागे निमूट बसली होती. वास नव्हता. वळून पाहतो तो तिचा डोळा लागलेला. आम्ही तिला वाटेत दोनदा हाक मारून जागे केले, आणि दोन्ही वेळा ती आमच्यावर रागावली.